सहा लोकलचा पल्ला आणि अंबरनाथचं पितळ

स्नायपर रायफल ‘अपग्रेड’ झाली म्हणजे नेमकं काय झालं? रीलमध्ये न दिसणारं गणित, आणि त्यातला आपल्या शेजारचा वाटा.

कॉलेजच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. मागे दणदणीत म्युझिक, बर्फात पालथा पडलेला जवान, हातात काळीकभिन्न रायफल आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘दीड किलोमीटरवरून अचूक वेध!’ आपण दोन फायर इमोजी टाकतो आणि पुढच्या रीलकडे जातो.

आज जरा थांबू या. दीड किलोमीटर म्हणजे किती, हे डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून समजून घेता येईल. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. अशा सहा लोकल एकामागे एक उभ्या करा. तुम्ही पहिल्या गाडीच्या मोटरमनच्या केबिनपाशी आहात आणि सहाव्या गाडीच्या गार्डाच्या डब्यात बसलेल्या माणसाच्या छातीवर नेम धरायचा आहे. नुसत्या डोळ्यांनी तो माणूस आहे की खांब, हेही कळणार नाही.

मग हे शक्य होतं कसं? रायफल नवी आली म्हणून? ‘हो’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण खरं उत्तर बरंच लांबचं आहे. ते फिनलंडमधल्या एका गावातून निघतं आणि कल्याणनंतरच्या तिसऱ्या स्टेशनवर, म्हणजे अंबरनाथला येऊन थांबतं.

आधी काय होतं, आता काय आलं?

भारतीय लष्कराच्या स्नायपरच्या हातात तीन दशकांहून अधिक काळ ‘ड्रागुनोव्ह’ ही रशियन बनावटीची रायफल आहे. सोव्हिएत सैन्याने ती १९६३ मध्ये स्वीकारली. ७.६२ मिलिमीटरची गोळी, दहा गोळ्यांचं मॅगझिन, चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण आणि साधारण ८०० मीटरचा परिणामकारक पल्ला. आपल्या भाषेत तीन लोकल आणि थोडं पुढे. ही रायफल वाईट मुळीच नाही. तुकडीबरोबर धावणाऱ्या नेमबाजासाठीच ती बनवलेली आहे. चिखल, थंडी, धूळ काहीही असो, ती चालते.

अडचण आली ती नियंत्रण रेषेवर. तिथे समोरासमोरच्या चौक्या, मध्ये दरी आणि दुरून येणारी एकच गोळी. २०१८ च्या सुमारास अशा गोळीबारात जवान गमावल्याच्या बातम्या वारंवार येत होत्या. समोरच्याचा पल्ला आपल्यापेक्षा जास्त असेल, तर त्याला उत्तर देता येत नाही. फक्त डोकं खाली ठेवता येतं.

म्हणून २०१९ च्या सुरुवातीला उत्तर विभागासाठी थोड्या संख्येने दोन परदेशी रायफली आल्या. एक इटलीच्या बेरेटा कंपनीची ‘स्कॉर्पिओ टीजीटी’ आणि दुसरी अमेरिकेची ‘बॅरेट एम९५’. बॅरेटची गोळी तब्बल १२.७ मिलिमीटर व्यासाची. २०२२ मध्ये फिनलंडच्या साको कंपनीची ‘टीआरजी ४२’ नियंत्रण रेषेवर दाखल झाल्याच्या बातम्या आल्या. तिचा पल्ला १,५०० मीटर.

आणि आता देशी बाजू. बंगळुरूच्या ‘एसएसएस डिफेन्स’ या खासगी कंपनीने ‘सेबर’ नावाची स्नायपर रायफल इथेच आरेखित केली. तिचाही पल्ला १,५०० मीटर सांगितला जातो. २०२४ मध्ये ही रायफल एका मित्रदेशाला निर्यात झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीने ‘विध्वंसक’ बनवली होती, पण ती जातच वेगळी. वजन २५ किलोच्या आसपास, आणि तिचं काम माणसापेक्षा वाहनं, रडार, बंकर अशा गोष्टी निकामी करण्याचं.

या यादीत एक आकडा सारखा येतो. बेरेटा, साको आणि सेबर या तिन्ही रायफली एकाच काडतुसावर चालतात. त्याचं नाव .३३८ लापुआ मॅग्नम. ते लक्षात ठेवा, आपल्याला तिथेच परत यायचं आहे.

स्वप्नीलचं बटण आणि दीड किलोमीटर

आता अचूकतेकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतो ना? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला ब्राँझपदक विजेता, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता. तो ज्या ५० मीटर रायफल प्रकारात खेळतो, त्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

नेम हा शेवटी कोनाचा खेळ आहे. ५० मीटरवर जो कोन बटणाएवढा दिसतो, तोच १,५०० मीटरवर तीस पट मोठा होतो. ३१ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक फूट. याचा अर्थ असा की दीड किलोमीटरवर माणसाच्या छातीचा वेध घेणं हे कोनाच्या हिशेबात ऑलिम्पिकच्या दहा गुणांएवढंच कठीण आहे. माणसाचा हात, श्वास आणि रायफल एवढं साधू शकतात. स्वप्नीलने ते जगासमोर करून दाखवलंय.

एनसीसीत असाल तर .२२ च्या रायफलीने २५ मीटरवर केलेलं ‘ग्रुपिंग’ आठवा. गोळ्या बुल्सआयला लागल्या की नाही, हे उस्ताद नंतर बघतात. आधी बघतात ते पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या. स्नायपर रायफलचा पहिला गुण तोच. ती दर वेळी तेच करते का?

मग स्वप्नील आणि सीमेवरचा स्नायपर यांच्यात फरक काय? फरक मधल्या हवेचा. ५० मीटरवर हवेला फारसं काही करायला वेळच मिळत नाही. १,५०० मीटरवर तिला भरपूर वेळ मिळतो.

.३३८ ची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगाने बाहेर पडते. वाटेत हवा तिला अडवते. दीड किलोमीटर गाठायला तिला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती पंचवीस मीटरहून अधिक खाली येते. म्हणजे डोंबिवलीतल्या सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवर नेम धरला, तर गोळी पार्किंगमध्ये लागेल! दुर्बिणीवरच्या चकत्या फिरवून स्नायपर हीच घट भरून काढतो.

वाऱ्याचं तर विचारूच नका. आडवा वारा ताशी दहा किलोमीटर, म्हणजे झाडाची पानं जेमतेम सळसळतील इतका. तोसुद्धा या अंतरावर गोळीला दोन-तीन मीटर बाजूला ढकलतो. कल्याणला दुर्गाडीजवळच्या खाडीपुलावर कधी थांबलात तर बघा. काठावर पान हलत नसतं आणि पुलाच्या मध्यावर ओढणी, टोपी धरून ठेवावी लागते. एकाच रेषेत दोन वेगळे वारे. डोंगरदरीत तर तीन-चार असतात. त्यात तीन-चार हजार मीटर उंचीवर हवा विरळ, म्हणजे गोळी कमी खाली येते आणि मैदानातलं कोष्टक तिथे चुकतं.

म्हणून खऱ्या स्नायपरबरोबर जवळजवळ नेहमी दुसरा माणूस असतो. त्याला स्पॉटर म्हणतात. अंतर मोजायला लेझर, वारा मोजायला छोटं यंत्र, हिशेबाला बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर आणि पडलेली गोळी बघायला दुर्बीण, हे सगळं त्याच्याकडे. रीलमध्ये हा माणूस कधीच दिसत नाही. एकटा हिरो जास्त विकला जातो.

‘फीचर्स’ची यादी कशी वाचायची?

नव्या मोबाइलसारखीच नव्या रायफलचीही फीचर्सची यादी येते. ती कशी वाचायची ते पाहू.

बोल्ट अॅक्शन : प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढायचा. हे मागासलेलं वाटतं ना? पण ड्रागुनोव्हमध्ये गोळीच्या वायूवर आतले भाग आपोआप मागे-पुढे होतात आणि ती हालचाल थोडी अचूकता खाते. बोल्ट अॅक्शनमध्ये गोळी सुटताना काहीच हलत नाही. वेग कमी, नेम पक्का.

सुटी नळी : जाड नळी फक्त मागच्या टोकाला घट्ट बसवलेली असते, पुढे ती कशालाही टेकत नाही. लाकूड ओलं झालं, तापलं किंवा हाताने दाबलं गेलं की नळी केसभर सरकते, आणि इथे केसभर म्हणजे पुढे फूटभर.

अॅल्युमिनियमची चौकट : लाकडाच्या जागी धातू, म्हणून हवामानाचा परिणाम कमी. दस्ता घडी होतो. गालाचा टेकू आणि खांद्याची लांबी माणसाप्रमाणे बदलता येते. सहा तास पालथं पडून राहणाऱ्याला ही चैन वाटत नाही.

दुर्बीण : चौपटीच्या जागी पाच ते पंचवीस पट, शिवाय रात्रीसाठी वेगळं उपकरण बसवायची पट्टी.

सप्रेसर : सिनेमातल्यासारखा ‘फुस्स’ आवाज येत नाही. आवाज बराच कमी होतो, नळीच्या तोंडची ज्वाळा आणि धूळ कमी होते. गोळी कुठून आली हे समोरच्याला पटकन कळत नाही, हा खरा फायदा.

आणि ‘पल्ला’? इथे सगळ्यात सावध राहा. परिणामकारक पल्ला वेगळा आणि विक्रम वेगळा. २०१७ मध्ये कॅनडाच्या स्नायपरने इराकमध्ये ३,५४० मीटरवर वेध घेतल्याचं जाहीर झालं. २०२३ मध्ये युक्रेनने ३,८०० मीटरचा दावा केला. हे अपवाद आहेत. खास रायफल, मोठी गोळी, अनुभवी जोडी आणि नशिबाचीही साथ. एखाद्याने एकदा हाफ-कोर्टवरून बास्केट केली म्हणून संघ तिथून खेळत नाही.

खरी गोष्ट टरफलाची

आता त्या लक्षात ठेवलेल्या नावाकडे येऊ. लापुआ हे फिनलंडमधलं एक लहान गाव आहे. तिथे १९२३ पासून काडतुसांचा कारखाना आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकन मरीन कोअरला लांब पल्ल्याचं नवं काडतूस हवं होतं. आकडे ठरले होते. सुमारे १६ ग्रॅमची गोळी आणि सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेग. रायफल तयार होती. पण पितळेचं टरफल दाब सहन करेना, ते फुटू लागलं. तो प्रकल्प बारगळला. मग लापुआने टरफलच नव्याने आरेखित केलं. नुसती जाडी नाही, तर पितळेचा कडकपणा टरफलाच्या कुठल्या भागात किती असावा, याचाच पुन्हा विचार केला. तेव्हा कुठे आजचं .३३८ जन्माला आलं. म्हणजे पल्ला अडकला होता पितळेत, आणि सुटलाही पितळेतच.

हे इतकं महत्त्वाचं का, याचा साधा हिशेब बघा. दोन काडतुसांनी दिलेल्या वेगात सेकंदाला फक्त दहा मीटरचा फरक पडला, म्हणजे जेमतेम एक टक्का, तर दीड किलोमीटरवर एक गोळी दुसरीपेक्षा सुमारे अर्धा मीटर खाली लागते. आपलं लक्ष्य होतं एक फुटाचं. रायफल लाखोंची, दुर्बीण जर्मनीची, जवान पंधरा वर्षं मुरलेला. आणि दारू चिमूटभर कमी किंवा टरफल केसभर जाड असेल तर सगळं वाया. स्नायपरच्या गोळ्या वेगळ्या बनवतात, वेगळ्या तपासतात आणि महाग असतात, त्या यामुळे.

आता अंबरनाथला चला. १९५० च्या दशकापासून तिथे संरक्षण खात्याचे दोन कारखाने आहेत, आयुध निर्माणी आणि शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. आयुध निर्माणी मुळात धातूचा कारखाना. अॅल्युमिनियमचे भाग आणि लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी लागणारे पितळी कप हे तिचं काम. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. या पितळेच्या पट्टीतून चहाच्या कपासारखी छोटी वाटी कापली जाते. ती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी होते. दर टप्प्याला पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत तापवून पुन्हा नरम करायचं. शेवटी बूड कडक ठेवायचं आणि तोंड नरम. काडतूस पूर्ण होतं ते जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव किंवा पुण्याच्या खडकीसारख्या कारखान्यांत.

गैरसमज नको. .३३८ अंबरनाथला बनतं असं मी म्हणत नाही. मुद्दा असा की लापुआला जे साधलं, त्याची बाराखडी आपल्या शेजारी सत्तर वर्षं गिरवली जातेय. आपल्या घरातले, इमारतीतले कितीतरी काका तिथे पंचिंगचं कार्ड टाकून निवृत्त झालेत.

अडतंय कुठे?

२०१८ मध्ये लष्कराने ५,७१९ नव्या स्नायपर रायफलींसाठी निविदा काढली. सोबत मागितल्या होत्या एक कोटीहून जास्त गोळ्या. भागाकार करून बघा, एका रायफलीमागे पावणेदोन हजारांच्या आसपास! सुरुवातीच्या गोळ्या परदेशातून आणायच्या आणि पुढच्या भारतात बनवायच्या, असा बेत होता. २०१९ मध्ये ती निविदा मागे घेतली गेली. त्यानंतर जी खरेदी झाली ती थोड्या थोड्या संख्येने.

या भागाकारात एक धडा आहे. रायफल एकदा घेतात, गोळी रोज लागते. सराव करायला गोळी हवीच. ती परदेशातून मोजून येत असेल, तर जवान मोजूनच सराव करणार. मग रायफलच्या फोटोला आपण कितीही लाइक दिले तरी पल्ला कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट रचनेची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि देशातल्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची निर्माणी नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली. भिंतीला भिंत लागून असलेली प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीच्या ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे. वरणगाव, खडकी पुण्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे. कप बनवणारा आणि काडतूस भरणारा पूर्वी एकाच घरातले भाऊ होते. आता एक विक्रेता आणि दुसरा गिऱ्हाईक. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये अदानी डिफेन्सने कानपूरला वर्षाला १५ कोटी गोळ्या बनवायच्या क्षमतेचा कारखाना सुरू केला.

हे चांगलं की वाईट? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. स्पर्धेमुळे दर्जा सुधारेल, वेळेत माल मिळेल, हे खरं. पण खासगी असो की सरकारी, कंपनी ऑर्डरवर जगते. स्नायपरच्या गोळीसारखं कमी संख्येचं, जास्त कटकटीचं आणि वर्षानुवर्षं संशोधन मागणारं काम ऑर्डरशिवाय कोण अंगावर घेणार? माझ्या मते ‘देशी रायफल’ या बातमीइतकीच ‘देशी काडतूस, दर वर्षी इतकी ऑर्डर, इतकी वर्षं’ ही बातमी महत्त्वाची आहे. ती येईपर्यंत अपग्रेड अर्धंच.

आणि या कामाची किंमत फक्त रुपयांत नसते. लापुआच्या त्याच कारखान्यात १३ एप्रिल १९७६ ला स्फोट झाला. ४० जण गेले, त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. आपल्याकडे २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. सीमेवरच्या गोळीमागे एक डबा घेऊन लोकलने जाणारा माणूसही असतो. दाद देताना त्यालाही मोजायला हवं.

तुमचा यात काय संबंध?

बराच आहे. लष्करात जायचं असेल तर एनसीसीची रेंज चुकवू नका, ग्रुपिंग तिथेच शिकता येतं. पण ज्यांना गणवेश घालायचा नाही त्यांच्यासाठीही इथे मोठं मैदान आहे. मेटलर्जी, मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाचं शास्त्र, ऑप्टिक्स, टूल अँड डाय. फिजिक्सच्या वर्गात कंटाळवाणं वाटलेलं ‘प्रोजेक्टाइल मोशन’ आणि हवेचा विरोध म्हणजेच हा लेख. आयटीआयवाल्यांसाठी या कारखान्यांत अप्रेंटिसच्या जागा निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. केसाच्या जाडीचाही छोटा अंश मोजू शकणारा फिटर हा सेबर बनवणाऱ्या इंजिनीअरइतकाच या साखळीचा भाग आहे.

आणि पुढच्या वेळी तसा फॉरवर्ड आला तर तीन प्रश्न विचारा. हा पल्ला परिणामकारक की विक्रमी? गोळी कुठे बनते? सरावाला किती मिळतात? उत्तर नसेल तर ती जाहिरात आहे, बातमी नाही.

एक शेवटचं. गेममध्ये स्नायपर झालात की समोरचा मेल्यावर तीन सेकंदांत परत येतो. इथे पंचवीस पट मोठ्या दिसणाऱ्या दुर्बिणीत समोरचा माणूस चहा पिताना दिसतो, हसताना दिसतो. चाप ओढणाऱ्याला ते पुढे आयुष्यभर आठवतं. हे काम कुणाला तरी करावं लागतं, कारण दरीच्या पलीकडेही एक दुर्बीण आपल्या पोरावर रोखलेली असते. म्हणूनच ज्याला ते करावं लागतं, त्याच्या हातात पहिल्याच गोळीत काम होईल असं काडतूस असणं, हे आपलं त्याला देणं लागतं. अंबरनाथ लोकल पकडाल तेव्हा आठवण ठेवा.